बालवाडीत नवीन बाई म्हणून लागलाय? पहिल्या वर्षात शाळा कुठून हलवायची

जून उजाडला की दरवर्षी मला दोन-तीन मुलींचे तरी फोन येतात, ताई बालवाडीवर लागले, आता काय करू. कुणी बेळगावात इंग्लिश मीडियमच्या एलकेजीला लागलेली असते, कुणी खानापूरकडं अंगणवाडीत, कुणी निपाणी-चिक्कोडी साईडला मराठी शाळेला जोडलेल्या बालवाडीत. दुखणं सगळ्यांचं एकच. ट्रेनिंगमधलं खेळातून शिक्षण वगैरे डोक्यात भरलेलं असतं, आणि वर्गात जाऊन बघावं तर तीन वर्षांची पोरं मांडी घालून पाटीवर अ गिरवतायत, दोघं रडतायत, एक दाराकडं बघत बसलंय. मग वाटतं हे सगळं बदलूनच टाकायचं, आणि बदलायला घेतलं की ऑगस्टपर्यंत एकतर हेडमास्तरांशी भांडण नाहीतर नोकरीला रामराम.

मी पण हेच केलंय. पहिल्याच महिन्यात सगळ्या पाट्या उचलून कपाटात टाकल्या होत्या, आणि त्या आठवड्यात सहा पालक दारात. म्हणून हे लिहितेय. सहा वर्षं अंगणवाडी, नंतर तेरा वर्षं बालवाडी एवढं झाल्यावर माझं मत असं झालंय की एका वर्षात एकच गोष्ट बदलायची, आणि ती का बदलली ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवायचं. बाकी सगळं पुढच्या वर्षी.

आधी पंधरा दिवस नुस्तं बघा

एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक मुलाला दोन पानं. पहिले पंधरा दिवस वर्ग आहे तसाच चालू दे, तुम्ही फक्त लिहा. घरात कुठली भाषा बोलतंय, कोण सोडायला येतं, काय खातं, काय तसंच ठेवतं, बाथरूमला जायचंय हे कसं सांगतं. सांगतच नाही असं एखादं असतंच, त्याच्या नावापुढं खूण करा. मत लिहू नका, घडलेलं लिहा. "हट्टी आहे" असं लिहिलं तर त्याचा कुणाला काही उपयोग नाही. "सकाळी आजी गेल्यावर वीस मिनिटं दारात उभा, मदतनीस अक्कानं हात धरल्यावर आत आला" हे लिहिलं तर तीन महिन्यांनी वीस मिनिटांची पाच झालेली दाखवता येतात.

बघण्याचं महत्त्व मला एका दुधाच्या पेल्यानं शिकवलं. कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत अंगणवाडीतल्या मुलांना दूध मिळतं. आमच्याकडं महिनाभर एक कन्नड बोलणाऱ्या बाई बदलीवर आल्या होत्या, स्वभावानं एकदम प्रेमळ. त्या प्रत्येकासमोर पेला ठेवून म्हणायच्या, "हालु कुडी". म्हणजे दूध पी. एक साडेतीन वर्षांचं पोरगं, घरी फक्त मराठी, पेला हातात धरून दगडासारखं बसायचं, पापणी पण हलवायचं नाही. बाईंना वाटायचं दूध आवडत नसेल. मला पण तसंच वाटलं. चौथ्या दिवशी त्याच्या बाजूला जाऊन बसले तर हळूच मला म्हणालं, "बाई, मी हललो न्हाई हां". त्याला "हलू नको" असं काहीतरी ऐकू येत होतं, आणि ते बिचारं चार दिवस आज्ञा पाळत होतं! चूक कुणाचीच नाही. पण रजिस्टरमध्ये ते "दूध घेत नाही" असं जाणार होतं, आणि एकदा रजिस्टरमध्ये गेलं की ते पोर दूध न घेणारं पोर होऊन बसतं.

मग भाषेची यादी करा

आपल्या भागात हे काम सगळ्यात आधी करायला पाहिजे असं मला वाटतं, आणि ट्रेनिंगमध्ये हे मला तरी कुणी शिकवलं नाही. एका वर्गात घरी मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात किंवा जोयडा-कारवारकडं गेलात तर कोकणी बोलणारी, अशी सगळी मिळून पंचवीस पोरं असतात.

पाणी, दूध, भात, शी, शू, दुखतंय, आई कुठाय, भीती वाटते, नको, अजून पाहिजे, अशा वीस-पंचवीस शब्दांचा एक तक्ता करा. प्रत्येक शब्द तुमच्या वर्गात जेवढ्या भाषा असतील तेवढ्यांत. कन्नड, उर्दू शब्द पुस्तकातून घेऊ नका, त्या पोराच्या आईला विचारा, घरी काय म्हणता. पुस्तकी कन्नड आणि आपल्याकडच्या गावातलं कन्नड ह्यात पुष्कळ फरक आहे. तक्ता पोरांसाठी नाही, तुमच्यासाठी, तो दाराच्या मागं लावा.

आणि मराठीचं पण तेच आहे बरं का. आपल्याकडं पोरी सर्रास "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. मी स्वतः घरी अजून तसंच बोलते, इथं लिहिताना तेवढं "आले, गेले" येतं. एका पोरीला कुणीतरी दहा वेळा "आले म्हण, आले म्हण" करून अडवलं होतं, तिनं नंतर सुट्टीपर्यंत घरची एक गोष्ट सांगितली नाही. चार वर्षांच्या मुलाचं व्याकरण सुधारायला जाऊ नका. तुम्ही फक्त सरळ उत्तर द्या, "होय की, आलीस व्हय, ये बस". ऐकून ऐकून शाळेतली मराठी आपोआप चढते.

कन्नडचं काय, हा प्रश्न पालक विचारणारच. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत पहिलीपासून कन्नड आहे, म्हणजे मराठी माध्यमात घातलं तरी ते येणारच, त्यातून सुटका नाही आणि सुटका हवी कशाला. माझी पद्धत अशी, बालवाडीत कन्नड फक्त कानानं आणि हातापायानं. गाणी, "बा" म्हटलं की ये, "साकु" म्हटलं की पुरे, खेळ, मोजणं. अक्षर एकही नाही. घरच्या भाषेत ज्या पोराची गोष्ट सांगायची भीड मोडलीय ते दुसरी भाषा पटापट उचलतं, हे मी एवढ्या वर्षांत बघितलंय. राज्यघटनेत १९५६ ला घातलेलं कलम ३५०अ पण हेच म्हणतं, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकायची सोय व्हावी. भाषेवरून जास्त वाद घालत बसू नका पण. तुमचं काम पोराला पाणी मागता येणं.

एक कोपरा मागा

अख्खा वर्ग मागू नका, कोण देणार नाही. खिडकीजवळचा सतरंजीएवढा कोपरा मागा आणि दिवसातली वीस मिनिटं मागा.

सामान विकत आणायची गरज नाही. चिंचोके, नारळाच्या करवंट्या, जुने बांबूचे सूप, शेंगांची टरफलं, कापडाचे तुकडे. आपल्याकडं रताळी भरपूर, अर्धं कापून त्याचे ठसे करा, रंग म्हणून हळद-कुंकू पाण्यात कालवून चालतं. मातीकाम तर आपल्या पंचांगातच बसलंय, बेंदराला आणि ज्येष्ठ अमावास्येला घराघरात मातीचे बैल होतात, कन्नडवाले त्या दिवसाला मण्णेत्तिन अमावास्याच म्हणतात. त्या आठवड्यात पोरांना माती द्या, घरचे कुणी बोलणार नाहीत, उलट एखादा आजोबा येऊन बैलाची शिंगं कशी लावायची ते दाखवून जाईल. खानापूरच्या पावसात बैल सुकत नाहीत एवढाच त्रास, चुलीजवळ ठेवावे लागतात.

दोन गोष्टींची काळजी घ्या. गुंजा अजिबात आणू नका, दिसायला सुंदर पण विषारी. आणि तीनच्या आतलं पोर वर्गात असेल तर चिंचोके, झाकणं, मणी, तोंडात मावणारं सगळं वरच्या फळीवर.

लिहिण्याचा विषय, इथं घाई नको

खरी लढाई इथंच आहे. पालक फी भरतात किंवा भाकरी सोडून पोराला आणून सोडतात, त्यांना वहीत काहीतरी दिसायला पाहिजे असतं. एक आई मला म्हणालेली, "बाई, आमचं पोरगं नुस्तं खेळालंय म्हणतंय की. शेजारचं हंड्रेडपर्यंत म्हणतंय, आणि आमचं काय बैल करत बसलंय." तिचं काय चुकलं? तिला स्वतःला इंग्रजी येत नाही म्हणून आयुष्यभर कुठं कुठं गप्प बसावं लागलं ते तिला माहीत, तिला पोराच्या बाबतीत तसं नको असतं. त्यामुळं पालक अडाणी आहेत हे डोक्यातून काढून टाका, मग पुढचं बोला.

मी काय चूक केली ते सांगते. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शेजारच्या त्या हंड्रेडवाल्या पोराला बोलावलं आणि म्हटलं, बाळा, ह्यातले सहा चिंचोके दे बघू. त्यानं मूठभर उचलून दिले. मी विजयी चेहऱ्यानं सगळ्यांकडं बघितलं, बघा, म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण त्या पोराची आई तिथंच बसलेली, तिचा चेहरा पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर पोरगं शाळेत नाही. मला त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन यावं लागलं. आता मी हाच खेळ करते, पण मुलांना घेऊन नाही. प्रत्येक आईला पाच मिनिटं कोपऱ्यात बसवते आणि तिला तिच्याच पोराबरोबर खेळायला लावते, सहा चिंचोके माग, दोन परत दे, किती राहिले. तिचं तिलाच दिसतं. मी गप्प.

हाताचं पण असंच समजावून सांगा, शास्त्र वगैरे न काढता. पेन्सिल धरायला बोटांत जोर लागतो, तो गिरवून येत नाही. शेंगा सोलून येतो, कणीक मळून, माती दाबून, बटणं लावून येतो. घरी भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसवा हा माझा होमवर्क. हा होमवर्क कुठल्या आईनं आजपर्यंत नाकारलेला नाही, कारण तिचं काम होतं!

पाट्या काढून टाकू नका. राहू देत. फक्त पाटीवर काय करायचं ते हळूहळू बदला. आधी रेघोट्या, गोल, पाऊस, मग ज्याला नाव लिहायचंय त्याला त्याचं नाव. पाच वर्षांचं पोर स्वतःचं नाव लिहायला मागतंय तर थांबवायचं नाही, "आम्ही बालवाडीत लिहीत नाही" असलं कर्मठपण पण काही कामाचं नाही. नवीन मुली इथं फार करतात.

हेडमास्तर, सुपरवायझर आणि समितीकडं कसं जायचं

तोंडी तक्रार करू नका. एक पान लिहून न्या. त्यावर एकच मागणी, खर्च किती, आणि वहीतल्या तीन नोंदी. महिन्याचे रिपोर्ट भरायच्या दिवशी तर चुकूनसुद्धा जाऊ नका.

माझं उदाहरण संडासचं आहे, लाज वाटून घ्यायचं काही नाही. पोरं दुपारनंतर चड्डीत करायची आणि सगळे म्हणायचे लहान आहेत, होतंच. वही काढून बघितलं तर जवळजवळ सगळे प्रकार जेवणानंतरचे, आणि त्यातली बरीच पोरं घरी व्यवस्थित सांगणारी. मग मी एकदा संडासात जाऊन गुडघ्यावर बसून बघितलं, त्यांच्या उंचीवरून. अंधार, कडी वर, मोठ्या माणसांसाठीचं भांडं, आणि बादलीत पाण्याचा मग बुडालेला. मी पण गेले नसते. एका पानावर तीन मागण्या लिहिल्या होत्या, हेडमास्तर म्हणाले एक सांगा. मी म्हटलं दारावरची जाळी काढून उजेड येऊ दे. फुकट झालं. महिन्याभरानं नोंदी दाखवल्या, कमी झालेल्या, तेव्हा त्यांनीच एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या मीटिंगला मला बोलावलं.

नवीन मुलींना हे माहीत नसतं म्हणून सांगते. कर्नाटकात सरकारी शाळांत एसडीएमसी २००१ पासून आहे, आणि तिच्यात पालकच सदस्य असतात. अंगणवाडी असेल तर बालविकास समिती, आणि वर सुपरवायझर, सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी). शाळेकडून सीआरपी (आसपासच्या शाळांच्या गटाचे मार्गदर्शक), मग बीईओ (गट शिक्षणाधिकारी). बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी, तुमचा तालुका कुठल्यात ते आधी बघून घ्या, नाहीतर अर्ज भलतीकडं फिरत राहतो. समितीत जो पालक जास्त बोलतो तो नाही, ज्याचं पोर तुमच्या वर्गात आहे तो तुमचा माणूस. आमच्याकडं असा एक गवंडी होता. नळ पोरांच्या उंचीला आणायचा विषय मी वर्षभर मांडला असता, त्यानं रविवारी येऊन नळाखाली एक सपाट दगड टाकला.

मारण्याच्या बाबतीत मात्र पान लिहीत बसू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सरळ आहे, मुलाला शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळ नाही. कुणी मारताना दिसलं तर तिथल्या तिथं मूल आपल्याकडं घ्या, "ये रे, माझ्याकडं काम आहे" म्हणून. मग मोठ्या माणसाशी नंतर, एकट्यात बोला. ऐकलं नाही तर लेखी.

अक्काला बाजूला ठेवू नका

मदतनीस अक्का, मावशी, जे काय म्हणता ते. ती त्याच गावची असते, कुठल्या पोराचा बाप दारू पितो, कुणाची आई बाळंतपणाला माहेरी गेलीय, हे तिला माहीत असतं आणि तुम्हाला नसतं. तिला झाडलोट आणि खिचडीपुरतं ठेवलं तर अर्धी शाळा घालवलीत. आमच्या अक्काला जात्यावरच्या ओव्या येतात, गोष्टीची वीस मिनिटं आठवड्यातून दोनदा तिचीच, मी खाली पोरांच्यात बसते.

गैरहजेरी

जुलैत खानापूरकडं रोप लावणी सुरू झाली की पोरं येत नाहीत, ओढ्याला पाणी असतं ते वेगळंच. ऊसपट्ट्यात दिवाळीनंतर तोडीवाल्यांची पोरं येतात आणि जातात. हजेरीसाठी आयांना ओरडू नका, दोन महिन्यांसाठी आलेल्या पोराला पण वहीत दोन पानं द्या.

तसं बघितलं तर अंगणवाडी हा शब्दच ह्यातून आलाय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीत यायची नाहीत, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. बरोबर अनुताई वाघ होत्या. सरकारची योजना त्यानंतर खूप वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला आली. लावणीच्या दिवसांत मी बांधावर गेलेली आहे, गोष्टीचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. पाच पोरं आणि एक म्हातारी एवढा वर्ग भरला. म्हातारीला गोष्ट पोरांपेक्षा जास्त आवडली.

पहिलीच्या बाईंशी मैत्री

हे फेब्रुवारीत करा, एप्रिलात उशीर होतो, तेव्हा सगळे सुट्टीच्या मूडमध्ये असतात. इकडं पहिली ते तिसरी नली-कली पद्धत आहे, १९९५ च्या सुमारास म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यातून सुरू झालेली, गट करून बसायचं, कार्ड घ्यायचं, ज्याची त्याची पायरी वेगळी. कागदावर ती बालवाडीची सख्खी बहीण आहे. वर्गात कशी चालते ते बाईंवर असतं. तुमच्या मोठ्या पोरांना आठवड्यातून एकदा अर्धा तास तिथं नेऊन बसवा, तिथली दोन पोरं तुमच्याकडं गोष्ट वाचायला बोलवा. आणि वहीतून प्रत्येक मुलाचं अर्धं पान उतरवून पहिलीच्या बाईंना द्या. किती अंक येतात हे नको. भूक लागली की चिडतो, डाव्या हातानं काढतो, मारामारीत आधी रडतो मग मारतो, अशा कामाच्या गोष्टी.

एका बाईंनी मला सांगितलं होतं, असल्या चिठ्ठ्या कशाला, मला कळतात पोरं. जूनमध्ये त्यांनीच निरोप पाठवला, तो डावखुऱ्याचा कागद कुठं आहे.

एप्रिलात वही मिटताना

सगळी पानं एकदा चाळा. ज्या पोराच्या पानावर सप्टेंबरनंतर काहीच लिहिलेलं नाही ते पोर तुमच्या नजरेतून सुटलंय, दरवर्षी एक-दोन सुटतातच, त्यांची नावं वेगळी काढून पुढच्या वहीच्या पहिल्या पानावर घ्या. आणि शेवटच्या पानावर पुढच्या जूनला बदलायची ती एक गोष्ट लिहा. एकच. माझ्या वहीत यंदा लिहिलंय, नळाखालचा दगड हलतोय, गवंड्याला सांगून सिमेंट लावून घेणे.